एका आवाजाची दोन घरे

एकाच गवयाच्या दोन मैफलींच्या ध्वनिमुद्रिका आम्ही गेले काही दिवस आलटून पालटून ऐकत आहोत. पहिली १२ जानेवारी १९६३ ची, अमेरिकेतील मायामी शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या हार्लेम स्क्वेअर क्लबमधली. दुसरी त्यानंतर अवघ्या अठरा महिन्यांनी, १९६४ च्या जुलैत, न्यूयॉर्कच्या कोपाकबाना नामक प्रतिष्ठित रात्र-क्लबात झालेली. गवई दोन्हीकडे एकच, सॅम कुक. परंतु नाव ठाऊक नसलेल्या श्रोत्याने ही दोन माणसे आहेत अशी पैज लावली तर त्यास दोष देता येणार नाही. मायामीचा आवाज घोगरा, घामाने निथळलेला, श्रोत्यांच्या आरोळ्यांत बुडणारा आणि पुन्हा त्यांच्या डोक्यावरून वर येणारा आहे. न्यूयॉर्कचा आवाज रेशमी, घडी न मोडलेला, जेवणाऱ्या मंडळींच्या काट्याचमच्यांस धक्का न लावणारा आहे. आर. सी. ए. या ध्वनिमुद्रण कंपनीने दुसरी मैफल तीन-चार महिन्यांत बाजारात आणली. पहिली मात्र कोठीत पडून राहिली ती १९८५ सालापर्यंत. तोवर गवयास जाऊन वीस वर्षे लोटली होती.

यांतला खरा सॅम कुक कोणता? बरीच वर्षे आम्हीही या प्रश्नाचे उत्तर चटकन देत असू : मायामीचा खरा, न्यूयॉर्कचा मुखवटा. तरुणपणी असली उत्तरे फार गोड लागतात. आता पन्नाशी उलटल्यावर त्या माणसाचे चरित्र पुन्हा वाचताना हे उत्तर आळशीपणाचे होते असे आम्हांस वाटू लागले आहे.

प्रथम 'सोल' या शब्दाविषयी थोडेसे. सोल म्हणजे आत्मा. हे नाव ज्या गानप्रकारास पडले त्याचा जन्म अमुक दिवशी झाला असे कोणासही सांगता यावयाचे नाही. परंतु चर्चमधील भक्तिगीताची आर्तता, टाळ्यांचा ठेका, गायकाने हाक द्यावी आणि समुदायाने ओ द्यावी ही रीत, हे सारे जसेच्या तसे ठेवून देवाच्या जागी प्रियकर अथवा प्रेयसी आणून बसविली म्हणजे जे निघते ते सोल, असे स्थूलमानाने म्हणता येईल. रे चार्ल्स याने १९५४ साली 'आय गॉट अ वुमन' हे गाणे एका भक्तिगीताच्या वळणावर रचले, ते या प्रकाराचे आरंभीचे ठळक उदाहरण होय. राधाकृष्णाच्या शृंगारावर पोसलेल्या आम्हां मंडळींस यांत पाप ते कोणते, असे वाटेल. आपल्याकडे मधुरा भक्तीने ही कुंपणे केव्हाच ओलांडली. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ही सीमा मोठी कडक होती. शनिवारी रात्रीची गाणी सैतानाची आणि रविवारी सकाळची देवाची. एका गळ्याने दोन्हीकडे गावयाचे नाही. आपल्याकडे कीर्तनकाराचा मुलगा नाटक मंडळीत पळून गेला म्हणजे घरात जे सुतक पडे, त्याच जातीचे सुतक तेथे पडत असे. किंबहुना अधिकच, कारण त्या लोकांपाशी स्वतःची म्हणावी अशी चर्चखेरीज दुसरी संस्थाच फारशी नव्हती.

सॅम कुकचा जन्म अशाच घरातला. २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल या गावी तो जन्मला. वडील चार्ल्स कुक धर्मोपदेशक होते. मुलगा दोन वर्षांचा असताना कुटुंब शिकागोस आले. दक्षिणेतील कापसाची शेते आणि तेथील गोऱ्यांचा जाच मागे टाकून सुमारे १९१० पासून १९७० पर्यंत साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेले. त्या प्रचंड स्थलांतरातले हे एक बिऱ्हाड. शिकागोच्या दक्षिण भागातील ब्राँझव्हिल या वस्तीत ही मुले वाढली. भावंडांची एक गाणारी टोळी वडिलांनीच तयार केली आणि त्यांच्या प्रवचनापूर्वी ती गाऊ लागली. पुढे शाळकरी वयात सॅम 'हायवे क्यूसीज' नावाच्या तरुणांच्या भजनी मंडळात शिरला.

याच शिकागोत एक गृहस्थ राहत होते, त्यांची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे; कारण तिच्यावाचून पुढील वादाचा निकाल लागत नाही. टॉमस डॉर्सी हे त्यांचे नाव. आज ते गॉस्पेल संगीताचे जनक म्हणून ओळखले जातात. परंतु तत्पूर्वी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ते ब्लूजचे पियानोवादक होते, मा रेनी या प्रख्यात गायिकेची साथ करीत होते, आणि १९२८ साली टॅम्पा रेड याच्यासह त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले एक चावट गाणे घरोघर वाजत होते. १९३२ साली ते परगावी असताना त्यांची पत्नी बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ नवजात मूलही गेले. त्या शोकात त्यांनी 'प्रेशस लॉर्ड' हे भक्तिगीत रचले. त्यातली करुणा देवाची. परंतु स्वर वळविण्याची, शब्द ओढून धरण्याची तऱ्हा ब्लूजची, म्हणजे त्याच शनिवार रात्रीची. जुन्या वळणाच्या चर्चांनी डॉर्सींस आरंभी दारेच लावली. पंधरा-वीस वर्षांत तीच गाणी इतकी सोवळी झाली की त्यांचे मूळ कोठले हे आठवण्याची कोणास गरज उरली नाही.

म्हणजे सॅम कुकने ज्या सीमेचे उल्लंघन केले म्हणून पुढे बोभाटा झाला, त्या सीमेवरचे पहारेकरी स्वतः एका पिढीपूर्वी तीच सीमा उलट दिशेने ओलांडून आत आले होते. ब्लूज चर्चमध्ये गेले ते पुण्य, चर्च ब्लूजमध्ये आले ते पाप! व्यवहारात धर्माची सरहद्द बहुधा अशीच आखली जाते.

१९५० साली सॅमच्या आयुष्यास पहिले वळण लागले. 'सोल स्टरर्स' हे त्या काळचे अग्रगण्य भजनी मंडळ. त्याचे प्रमुख गायक आर. एच. हॅरिस हे मंडळ सोडून गेले आणि त्यांच्या जागी एकोणीस वर्षांच्या सॅमला घेण्यात आले. ही जागा मोठी अवघड. हॅरिस यांचा आवाज म्हणजे त्या क्षेत्रातले मोजमाप होते. चोरट्या आवाजात ते अशा उंचीवर जात की श्रोत्यांच्या अंगावर काटा उभा राही. सॅमला ती उंची सहजी साधत नसे. मंडळातील सहकाऱ्यांनी सांगितलेली हकीकत अशी की, एकदा तो वरचा स्वर हाती लागेना तेव्हा त्याने त्याच्या खालूनच एक हेलकावा घेतला, स्वर मोडून तीन-चार लहान लाटा केल्या आणि अलगद समेवर येऊन उतरला. हा हेलकावा पुढे त्याची सही ठरला. उणीव झाकण्याकरिता केलेली युक्ती हीच शैली होऊन बसल्याची उदाहरणे कलेच्या इतिहासात पुष्कळ आहेत. इतके मोहक उदाहरण मात्र विरळा.

१ मार्च १९५१ रोजी लॉस एंजल्स येथे 'स्पेशल्टी' या कंपनीकरिता सोल स्टरर्सचे ध्वनिमुद्रण झाले आणि सॅमचा आवाज प्रथम तबकडीवर उतरला. पुढली सहा वर्षे हे मंडळ मोटारीतून देशभर हिंडत होते. दक्षिणेत खाणावळीत बसता येत नसे, हॉटेलात खोली मिळत नसे. दुकानातून पाव आणि डबाबंद खाद्य विकत घेऊन गाडीतच जेवण आणि झोप. रात्री मात्र हजारो माणसांच्या सभागृहात हे लोक गात आणि श्रोते भान हरपून जात. १९५५ च्या जुलैत लॉस एंजल्सच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये झालेल्या अशा एका रात्रीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ज्याने ऐकले त्यास हार्लेम स्क्वेअर क्लबातील तो घोगरा, घामेजलेला आवाज कोठून आला हे वेगळे सांगावयास नको. तो आवाज चर्चचाच होता. मायामीच्या क्लबात तो नव्याने जन्मला नाही. एक भेद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. इतर भजनी गायक देवाची आळवणी ओरडून करीत. सॅम ती कुजबुजून करी. सभागृहात तरुण मुली पुढच्या रांगा धरून बसू लागल्या. हा सुंदर, सडसडीत तरुण देवाविषयी बोलतो आहे हे त्यांस कळत नव्हते असे नाही. तथापि केवळ देवाकरिताच त्या येत होत्या असेही म्हणवत नाही.

१९५६ च्या अखेरीस त्याने न्यू ऑर्लिन्स येथे 'लव्हेबल' नावाचे एक प्रेमगीत गायिले. स्वतःच्याच मंडळाच्या 'वंडरफुल' या भक्तिगीताचे ते रूपांतर होते आणि ते 'डेल कुक' या खोट्या नावाने प्रसिद्ध करण्यात आले. खोटे नाव कोणास फसविणार? तो हेलकावा ऐकताच सर्वांनी ओळखले. भजनी जगतात कुजबुज सुरू झाली, आणि १९५७ साली सॅमने मंडळ सोडले. त्याच उन्हाळ्यात बंप्स ब्लॅकवेल या निर्मात्याने त्याच्याकडून 'यू सेंड मी' हे गाणे गाऊन घेतले. साथीस गोऱ्या गायकांचा वृंद होता. स्पेशल्टीचे मालक आर्ट रूप यांस हे गुळमट प्रकरण पसंत पडले नाही. तंटा झाला, आणि ब्लॅकवेल आपल्या येणे रकमेवर पाणी सोडून त्या बदल्यात ध्वनिमुद्रण घेऊन बाहेर पडला. 'कीन' नावाच्या एका नवख्या कंपनीने ते सप्टेंबरात प्रसिद्ध केले. वर्ष संपण्यापूर्वी देशातील विक्रीच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर होते आणि दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. रूपसाहेबांनी हातचे सोडले ते असे. याच सुमारास त्याने आपल्या आडनावाच्या अखेरीस इंग्रजी 'ई' हे अक्षर जोडून घेतले. उच्चारात फरक नाही, परंतु वडिलांचे घर आणि आपले घर यांत एका मुक्या अक्षराचे अंतर पडले.

येथे चरित्रकार बहुधा यशाच्या पायऱ्या मोजू लागतात. आम्हांस त्या गाण्याच्या तबकडीवर छापलेले कवीचे नाव अधिक बोलके वाटते. ते सॅमचे नाही. त्याचा भाऊ एल. सी. याचे आहे. कारण असे की, स्पेशल्टीशी झालेल्या जुन्या करारान्वये सॅमच्या रचनांच्या प्रकाशनाचे हक्क त्या कंपनीकडे गेले असते. म्हणून गाणे भावाच्या नावावर! सव्वीस वर्षांच्या या पोराने एक गोष्ट ओळखली होती, जी त्याच्या आधीच्या किती तरी थोर कृष्णवर्णी गवयांस अखेरपर्यंत कळली नाही, अथवा कळूनही वळविता आली नाही : आवाजाचे पैसे एकदा मिळतात, गाण्याच्या मालकीचे पिढ्यान्‌पिढ्या. पुढे जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या जुन्या भजनी गायकाच्या साथीने त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि 'एस. ए. आर.' ही ध्वनिमुद्रण कंपनीही स्थापन केली. तिने पहिल्याप्रथम जवळ केले ते कोणास? ज्यांना सोडून तो गेला होता त्या सोल स्टरर्स मंडळासच. देवास विसरलेला मनुष्य असे करीत नाही.

या कंपनीत आलेल्यांपैकी वोमॅक बंधूंची कथा मौजेची आणि थोडी दुःखाचीही आहे. क्लीव्हलँडच्या एका धर्मनिष्ठ गिरणी-कामगाराची ही पाच मुले. त्यांच्या एका भक्तिगीताची चाल घेऊन सॅमच्या मंडळींनी तीवर प्रेमगीताचे शब्द बसविले. मंडळाचे नाव 'व्हॅलेंटिनोज' ठेवले. आणि १९६२ साली 'लुकिंग फॉर अ लव्ह' हे गाणे गाजले. बाप संतापला. सॅमने आपल्या घरी जे सोसले तेच आता तो दुसऱ्याच्या घरी घडवीत होता. याच मुलांच्या 'इट्स ऑल ओव्हर नाऊ' या गाण्याने १९६४ साली रोलिंग स्टोन्स या इंग्रज मंडळीस आपल्या देशात पहिला क्रमांक मिळवून दिला. पाचांतला बॉबी वोमॅक यास प्रथम राग आला. परंतु रचनेच्या हक्काचे पैसे हाती येऊ लागताच तो शांत झाला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे.

१९६० साली सॅम आर. सी. ए. सारख्या बड्या कंपनीत गेला आणि गाण्यांमागून गाणी विकली गेली. त्यांतील सर्वच थोर नाहीत. काही तर केवळ गोड आहेत. 'चेन गँग' हे मात्र निराळे. जॉर्जियातून जात असता रस्त्यावर पायांत बेड्या घालून राबणाऱ्या कैद्यांची टोळी त्याच्या दृष्टीस पडली, तीवरून हे सुचले. कुदळीचे घाव आणि कैद्यांचे हुंकार यांचाच ताल धरून त्याने नाचता येण्याजोगे गाणे केले, आणि ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. ज्या गोऱ्या मुलामुलींनी त्यावर पाय थिरकविले त्यांतील कितीजणांनी ते हुंकार कोणाचे हे विचारले असेल? टीकाकार म्हणतील, दुःख विकले. आम्ही म्हणतो, ज्यांच्या घरात ते एरव्ही कधीच शिरले नसते त्यांच्या घरात त्याने ते नेऊन ठेवले. १९६१ च्या मे महिन्यात मेम्फिस येथे श्रोत्यांस वर्णभेदाने निरनिराळे बसविणार असे कळताच त्याने व क्लाइड मॅकफॅटर याने गाण्यास नकार दिला, हेही या संदर्भात विसरून चालावयाचे नाही. गुळमट गाणी गाणारा हा मनुष्य कण्याने गुळमट नव्हता.

आता त्या दोन मैफलींकडे परत येऊ. कोपाकबानात तो १९५८ साली एकदा गाऊन पडला होता. ते अपयश त्याच्या मनात सलत राहिले, आणि १९६४ मध्ये तो पूर्ण तयारीनिशी परत गेला. 'टेनेसी वॉल्ट्झ', 'बिल बेली' असली, त्या श्रोतृवर्गाच्या आज्यापणज्यांसही चालली असती अशी गाणी त्याने निवडली. शुद्धतावादी रसिक हे ऐकून कपाळावर हात मारतात. परंतु त्याच कार्यक्रमात त्याने बॉब डिलनचे 'ब्लोइंग इन द विंड' हे समतेच्या चळवळीत गाजलेले गीतही गायिले आहे. साखरेच्या पुडीत औषध देणारा वैद्य आणि केवळ साखर विकणारा वाणी यांत फरक आहे, आणि हा फरक आम्ही तरुणपणी पाहिला नाही. ज्या घरात आपणांस मागील दाराने घेतात, त्या घरात पुढील दाराने शिरून, तेथील यजमानांच्याच भाषेत बोलून, त्यांस टाळ्या वाजवावयास लावणे हा त्याचा हट्ट होता. त्या हट्टाची किंमत कलेने मोजली हे आम्हांस मान्य आहे. न्यूयॉर्कची तबकडी आजही आम्ही फारशी लावत नाही. परंतु तीस मुखवटा म्हणणे आम्ही सोडले आहे.

१९६३ हे वर्ष त्यास फार कठीण गेले. जूनमध्ये त्याचा दीड वर्षाचा मुलगा व्हिन्सेंट घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेला. त्याच सुमारास डिलनचे वर सांगितलेले गीत त्याच्या कानी पडले, आणि आपल्या लोकांच्या यातनांवर असे गाणे एका गोऱ्या पोराने लिहावे, आपण नाही, याची त्यास लाज वाटली असे त्याच्या जवळच्या माणसांनी सांगितले आहे. आणि ८ ऑक्टोबर रोजी लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे तो प्रसंग घडला. पत्नी व सहकाऱ्यांसह तो तेथील हॉलिडे इन या हॉटेलात उतरावयास गेला. खोल्या आगाऊ राखून ठेवल्या होत्या. समोर कृष्णवर्णी माणसे पाहताच व्यवस्थापकाने जागा नसल्याचे सांगितले. सॅम हटेना. बरोबरची मंडळी त्यास विनवू लागली की चल, हे लोक तुला ठार मारतील. अखेरीस गाड्यांचे भोंगे वाजवीत, शिव्या देत ही मंडळी गावातील कृष्णवर्णीयांच्या मोटेलकडे गेली. तेथे पोलीस त्यांची वाटच पाहत होते. शांततेचा भंग केल्याबद्दल अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये ही बातमी आली.

आमच्या वाचकांस ठाऊकच आहे की, जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ ज्यांनी गुलामांस दास्यातून मुक्त केले त्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. पुण्याहून पाहता ते कार्य सिद्धीस गेलेले दिसत होते, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी जोतीरावांची इच्छा होती. त्या अर्पणपत्रिकेस बरोबर नव्वद वर्षे झाली त्या साली, देशभर ज्याची गाणी वाजत होती असा मनुष्य खिशात पैसे असूनही रात्रीच्या निवाऱ्याकरिता भांडत होता.

त्या वर्षाच्या अखेरीस त्याने 'अ चेंज इज गॉना कम' हे गीत रचले. ते आपणांस जणू स्वप्नात मिळाल्यासारखे आले आणि त्याची आपणांस भीती वाटते, असे तो मित्रांस म्हणाला. ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवुडमध्ये त्याचे ध्वनिमुद्रण झाले. एरव्ही गाण्याचे प्रत्येक अंग स्वतः ठरविणाऱ्या सॅमने या वेळी वाद्यमेळ सर्वस्वी रेने हॉल यांच्यावर सोपविला, आणि हॉल यांनी चित्रपटातील पार्श्वसंगीतास शोभेल असा व्हायोलिनांचा, शिंगांचा आणि नगाऱ्यांचा भव्य संभार उभा केला. आता ऐकावे ते हे : वाद्ये कोपाकबानाच्या जगातली, सुटाबुटातली आहेत, आणि त्यांवरून जो आवाज येतो तो श्राइन ऑडिटोरियमचा, मायामीचा आहे. जन्मापासून आरंभ करावा, संकटांची गाथा सांगावी आणि शेवटी आशेवर यावे, ही घडण भक्तिगीताची. परंतु भक्तिगीतात ज्या जागी परलोकाचे आश्वासन यावयाचे, तेथे हा गायक आकाशापलीकडे काय आहे ते आपणांस ठाऊक नाही असे सुचवितो. धर्मोपदेशकाच्या मुलाने ते लिहिले हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका ठिकाणी किती धैर्य लागले असेल याची कल्पना येते. बदल येणार आहे तो या लोकी, या रस्त्यावर, या हॉटेलच्या दारात. आयुष्यभर ज्या दोन घरांत तो पाळीपाळीने राहिला, त्यांच्या मधली भिंत येथे नाहीशी झाली आहे.

७ फेब्रुवारी रोजी त्याने ते 'टुनाइट शो' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात गायिले. त्या गायनाचे चित्रण जतन झाले नाही. दोनच दिवसांनी बीटल्स ही इंग्रज चौकडी अमेरिकेच्या पडद्यावर झळकली आणि साऱ्या देशास दुसरे काही सुचेनासे झाले. सॅमनेही ते गाणे पुढे जाहीरपणे फारसे गायिले नाही.

११ डिसेंबर १९६४ च्या पहाटे लॉस एंजल्समधील एका स्वस्त मोटेलात तेथील व्यवस्थापक बाईने झाडलेल्या गोळीने तो मेला. वय तेहेतीस. एका तरुणीसह तो तेथे गेला होता. ती त्याचे कपडे घेऊन निघून गेली. त्याने संतापाने व्यवस्थापिकेचे दार फोडले आणि झटापटीत गोळी सुटली, असे साक्षीत आले. चौकशीच्या ज्यूरीने अल्पावधीत हा आत्मरक्षणार्थ झालेला न्याय्य वध ठरविला. त्याच्या आप्तांस व चाहत्यांस हा निकाल पटला नाही, आणि तेव्हापासून कटाच्या कथांचे पीक थांबलेले नाही. आमच्यापुरते बोलावयाचे तर त्या कथांत आम्हांस रस नाही; एवढे मात्र खरे की, एवढ्या कीर्तीचा गोरा गायक असा मेला असता तर चौकशी इतक्या झटपट गुंडाळली गेली नसती. शिकागो आणि लॉस एंजल्स अशा दोन्ही शहरी त्याचे अंत्यविधी झाले, आणि हजारो माणसे लोटली. लॉस एंजल्सच्या चर्चमध्ये रे चार्ल्स गायिला.

अकरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, 'शेक' नावाच्या एका नाचाच्या गाण्याच्या मागल्या बाजूस 'अ चेंज इज गॉना कम' छापून तबकडी निघाली. कृष्णवर्णी माणसास गावात व चित्रगृहात कसे हटकले जाते याविषयीचे एक कडवे तीतून गाळले होते. श्रीव्हपोर्टला जे घडले त्याच्या सर्वांत जवळ जाणारे नेमके तेच कडवे. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीतील माणसांनी हे गीत आपले म्हणून उचलले.

त्याच्या मागून आलेल्यांची यादी करावयाची तर हे पान पुरणार नाही. ओटिस रेडिंगने १९६५ साली आपल्या एकाच संग्रहात सॅमची तीन गाणी घेतली. अरिथा फ्रँकलिन हिने, जी स्वतः डेट्रॉइटच्या एका नामांकित धर्मोपदेशकाची कन्या आणि लहानपणी सॅमला भजनी मंडळात ऐकून वेडावलेली, १९६७ च्या आपल्या प्रख्यात संग्रहात हेच गीत गायिले. अरिथाने ज्या वाटेवरून चर्चमधून बाहेर येऊन पुन्हा १९७२ साली चर्चमध्ये जाऊन 'अमेझिंग ग्रेस' हा भक्तिगीतांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला, ती वाट सॅमने पाडून ठेवली नसती तर तिला इतकी मोकळी मिळाली असती काय? तिच्या वेळी कोणी बोभाटा केला नाही. पहारेकरी पुन्हा एकदा विसरले होते.

राहिली मालकीची गोष्ट. १९६३ साली ॲलन क्लाइन या धूर्त हिशेबनिसाने आर. सी. ए.कडून सॅमची मोठी थकबाकी वसूल करून दिली आणि त्याचा विश्वास संपादला. सॅमच्या मुलीच्या नावावरून 'ट्रेसी' ही कंपनी काढण्यात आली आणि ध्वनिमुद्रणांचे हक्क तीत ठेवले. परंतु कागदोपत्री ती क्लाइनच्या ताब्यात होती. सॅमच्या मृत्यूनंतर प्रकाशनाचे हक्कही क्रमाने क्लाइनच्याच संस्थेकडे गेले. भावाच्या नावावर गाणे ठेवून ज्याने पहिला करार चुकविला तो शेवटच्या करारात सापडला. १९८६ साली एका विजारीच्या जाहिरातीमुळे त्याचे 'वंडरफुल वर्ल्ड' हे जुने गाणे ब्रिटनमध्ये पुन्हा विकले जाऊ लागून दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले.

आणि श्रीव्हपोर्ट? २०१९ च्या जून महिन्यात, त्या रात्रीस छप्पन्न वर्षे होत आली असता, त्या शहराच्या महापौरांनी सॅम कुकच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली आणि मृत गायकास नगराची किल्ली अर्पण केली. महापौर एड्रियन पर्किन्स हे स्वतः कृष्णवर्णी होते, आणि त्या वेळी त्यांचे वय होते तेहेतीस.